रेडिओवर कुस्ती दिसली पाहिजे

कुंद्याचा डबा टेबलावर ठेवून तो बसला आणि चहा यायच्या आत त्यानं विचारलं, "काका, पहिल्या दिवशी बोलायचं काय?"

कडोलीचा पोरगा. शाळेत असल्यापासून कबड्डी खेळलेला, गावच्या आणि आसपासच्या मैदानांत चार-पाच वेळा माईक धरलेला. आता बेळगावातल्या एका रेडिओ केंद्रावर दर शनिवारी अर्ध्या तासाचा खेळांचा कार्यक्रम त्याच्याकडे आला होता. आवाज खणखणीत, बोलण्यात अडखळणं नाही. तरी घाबरला होता, आणि ते बरंच होतं. मैदानात माईक गाजवलेली माणसं रेडिओवर पहिल्यांदा आपटतात, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

त्या दिवशी त्याच्याशी जे बोललो ते इथं लिहितो आहे. सीमाभागातल्या आणखी कुणाच्या वाट्याला असं काम आलं तर उपयोगी पडेल.

मैदानातला निवेदक आणि रेडिओवरचा निवेदक यांचा धंदा एक दिसतो, पण तसा नाही. कुस्तीच्या जंगी मैदानात पाच-दहा हजार माणसं हौद्याकडे डोळे लावून बसलेली असतात. हलगी कडाडत असते. निवेदकानं काय करायचं, तर पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद सांगायचा, देणगीदारांची नावं घ्यायची, पुढाऱ्यांचं स्वागत करायचं आणि मधूनमधून एखादं चटकदार वाक्य फेकून टाळ्या घ्यायच्या. "काय डाव टाकलाय बघा!" एवढं म्हटलं तरी चालतं, कारण लोक बघतच असतात. रेडिओवर हेच वाक्य म्हणजे नुसती हवा. रताळ्याच्या वाफ्यात कमरेत वाकून, मोबाइलवर रेडिओ लावून ऐकणाऱ्या माणसाला तुम्ही "बघा" म्हणालात, तर तो काय बघणार?

रेडिओवरच्या समालोचनाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १५ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीनं इंग्लंड आणि वेल्स यांच्यातला रग्बीचा सामना ट्विकनहॅमवरून थेट प्रसारित केला. समालोचक होते टेडी वेकलम, पूर्वीचे खेळाडू. या कामाचा कुणालाच अनुभव नव्हता. म्हणून त्यांच्या समोर एका अंध माणसाला बसवलं आणि सांगितलं, याला सामना समजावून सांगा, बाकी जगाचं विसरा. आठवड्याभरानं आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेडच्या फुटबॉल सामन्याला एक सोय होती. मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा बीबीसीच्या साप्ताहिकात छापला. वेकलम खेळ सांगायचे आणि शेजारी बसलेला दुसरा माणूस चेंडू कोणत्या चौकोनात आहे त्याचा आकडा म्हणायचा. घरात नकाशा पुढ्यात घेऊन बसलेल्यांना चेंडू कुठं आहे ते कळायचं.

शंभर वर्षं होत आली, तरी याच्याहून चांगला धडा मला माहीत नाही. तुमच्या आजीला, किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेल्या एखाद्या आजोबांना समोर बसवा आणि परवाची कुस्ती सांगा. ते मध्येच "कोण वर आहे रे?" असं विचारतील, तिथं तुमचं चुकलं असं समजा.

आमच्या या पोराकडून मी हे तिथंच करून घेतलं. पहिल्या दमात तो म्हणाला, "दोन्ही पैलवान तोडीस तोड, काट्याची लढत, कोण कुणाला भारी पडणार, सांगता येत नाही मंडळी!" मी म्हटलं, मला काही दिसलं नाही. पुन्हा सांग. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गाडी रुळावर आली:

"कडोलीचा पैलवान लाल लंगोटात, मुतग्याचा निळ्या. हौद्याच्या मधोमध, डोक्याला डोकं लावून खडाखडी चालली आहे. निळा खाली वाकला, उजव्या पायाचा पट काढला! लाल एका पायावर, मागं सरकतोय... एक पाऊल, दोन... पाय सोडवला. सोडवता सोडवता मागं गेला, कमरेला मिठी, निळ्याला खाली बसवला. कब्जा लालकडं. आता घिस्सा मारायच्या नादात आहे, म्हणजे मागून लंगोट धरून पुढं रेटत उताणा करायचा. निळा मान आत घालून घट्ट बसलाय, हलत नाही. पाच मिनिटं झाली. कुस्ती अजून बरोबरीत."

यात लंगोटाचा रंग आहे, कोण कुठं आहे ते आहे, डावाचं नाव आहे आणि नावाच्या पाठोपाठ एका ओळीत त्याचा अर्थ आहे. घिस्सा, ढाक, कलाजंग, एकचाक, छडीटांग, मोळी हे शब्द टाकू नका, उलट ते जपा. फक्त प्रत्येक कार्यक्रमात एका डावाची फोड करून सांगा. तालमीतल्या माणसाला त्याचा कंटाळा येत नाही. त्याच्या बायकोला आणि मुलीला मात्र पहिल्यांदाच कळतं की आपला माणूस रविवारी कशासाठी गायब होतो. शेवटी वेळ आणि स्थिती आहे, तीही सोडू नका. अमेरिकेतले बेसबॉलचे प्रसिद्ध समालोचक रेड बार्बर माईकशेजारी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की गुण सांगायचे आणि घड्याळ उलटं करायचं. रेडिओ लावणारा माणूस कधीही येतो. गुण किंवा निकाल एकदा सांगितला म्हणजे सांगितला, असं नसतं.

आता नावांबद्दल. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा घोळवून सांगतो.

मी या कामाला नवा असताना एका मैदानाचे निकाल वाचले. पहिल्या क्रमांकाची कुस्ती कंग्राळीच्या पैलवानानं मारली होती. हातातल्या चिठ्ठीवर नुसतं "कंग्राळी" होतं. मी झोकात "कंग्राळी बुद्रुक" म्हणून टाकलं. पोरगा होता कंग्राळी खुर्दचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात तिघं जण उभे. भांडायला आले नव्हते, चहाही घेतला. त्यातले एक म्हातारे वस्ताद एवढंच म्हणाले, "बारा वर्षं त्याला दूध-बदाम आमच्या गावानं घातलं, आणि कुस्ती तुम्ही दुसऱ्या गावाला देऊन टाकली." मला आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

आपल्या भागात नावांचा हा घोळ जागोजागी आहे. कंग्राळी दोन, बाळेकुंद्री दोन. सुळगा हिंडलग्याजवळचं वेगळं आणि येळ्ळूरजवळचं वेगळं. शाळांच्या संघांत एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन पाटील निघतात. त्यामुळे एक वही करा. डाव्या पानावर गाव, उजव्या पानावर खेळाडूचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तालीम किंवा शाळा आणि प्रशिक्षक. कन्नड आडनावं त्या घरातल्याच माणसाकडून दोनदा म्हणवून घ्या आणि जशी ऐकली तशी देवनागरीत लिहा. शंका असेल तर फोन करा. फोन करायला लाजणारा माणूस या कामात टिकत नाही.

अर्ध्या तासाला मजकूर कुठून आणायचा, हा पहिल्या महिन्यातला खरा प्रश्न. नवखा निवेदक काय करतो, तर वर्तमानपत्रातलं क्रिकेट उचलतो आणि विराट कोहलीवर दहा मिनिटं बोलतो. त्यासाठी तुमचा रेडिओ कुणी लावत नाही, ऐकणारा मोबाइलवर सगळं बघून बसलेला असतो. समुदाय रेडिओच्या प्रेषकाची ताकद साधारण शंभर वॅट आणि आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. बेळगावात केएलई संस्थेचं ९०.४ वरचं वेणुध्वनी असं केंद्र आहे. बेळगाव ते कडोली अंतर दहा-बारा किलोमीटर, म्हणजे एवढाच तुमचा मुलूख. या मुलखात काय चाललंय ते दुसरं कुणी सांगत नाही, आणि तीच तुमची कमाई.

आणि चाललेलं खूप असतं. यात्रांच्या दिवसांत कुस्ती मैदानं. आनंदवाडीचा आखाडा, येळ्ळूरचं महाराष्ट्र मैदान ही नावं लहान पोराला विचारलीत तरी सांगेल. उन्हाळ्यात गावोगाव टेनिस बॉल क्रिकेट. पावसाळ्यात चिखल उडवत फुटबॉल, आणि बेळगाव कॅम्पात फुटबॉलचं वेड किती जुनं आहे हे तिथल्या कुणालाही विचारा. शाळा सुरू झाल्या की केंद्र, तालुका, जिल्हा पातळीवरच्या खो-खो आणि कबड्डीच्या स्पर्धा, मग दसरा क्रीडा स्पर्धा. सुगी आटोपली की खाली, म्हणजे रिकामा, गाडा ओढण्याच्या बैलांच्या शर्यती. वर्षाचा तक्ता करून भिंतीला लावा. त्याबरोबर प्रत्येक मोठ्या गावात एक माणूस पकडा: पीटीचे मास्तर, तालमीचा वस्ताद, क्रिकेट संघाचा तो पोरगा ज्याच्याकडे किट असतं. त्यांना सांगून ठेवा की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला पाच गोष्टी हव्यात. कोण खेळलं, कुठं, निकाल काय, कुणामुळं, आणि पुढची लढत कधी. "आमच्या मुलांनी चांगली कामगिरी केली" असा निरोप आला तर तो परत पाठवा.

मुलींचे खेळ या यादीत आपोआप येत नाहीत, मुद्दाम आणावे लागतात. २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत बेळगाव तालुक्यातल्या मलप्रभा जाधवनं कुराशमध्ये ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा कुराश म्हणजे काय हे सांगणारा माणूस शोधावा लागला होता. जाकीट घालून उभ्यानं खेळायची कुस्ती, कमरेखाली हात लावायचा नाही, जमिनीवर झोंबायचं नाही. एवढ्या तीन तुकड्यांत लोकांना कळतं. खेळ नवा असला की लोक ऐकत नाहीत असं नाही, तो कुणी नीट सांगत नाही.

जुन्या माणसांना मात्र विसरू नका. १९७७ साली हरिश्चंद्र बिराजदारांनी बेळगावात सतपालला हरवलं. ती कुस्ती पाहिलेली माणसं आज सत्तरीत आहेत, आणि प्रत्येकाला आपण कुठं बसलो होतो ते आठवतं. एक शनिवार फक्त त्यांचे फोन घ्या आणि गप्प बसा. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला १-० नं हरवणाऱ्या हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. गोलरक्षक शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, जिचं केंद्र आपल्या बेळगावात आहे. कॅम्पातून रोज सायकल मारत जाणाऱ्या पोरांपैकी किती जणांना हे माहीत आहे? दोन मिनिटांचा तुकडा करा. आकडे आणि वर्षं तपासून मगच सांगा, कारण आठवणीत कुस्त्या लांबतात आणि गोल वाढतात.

मुलाखतीत एक प्रश्न कायमचा हद्दपार करा: "तुम्हाला कसं वाटतंय?" सीमाभागातला पैलवान त्याला उत्तर देतो, "चांगलं वाटतंय," आणि मुलाखत संपते. त्याऐवजी विचारा, सकाळी किती वाजता उठता? जोर किती, बैठका किती? दूध घरचं की विकतचं? महिन्याचा खुराक किती रुपयांचा आणि देतं कोण? मागच्या वेळी ज्यानं पाडलं, त्याच्याशी पुन्हा जोड लागली तर पहिला डाव कोणता? अशा प्रश्नांना माणूस खुलतो. वस्तादाला बोलवाल तर स्टुडिओत नका बोलवू. वातानुकूलित खोलीत कानाला हेडफोन लावला की ती माणसं कोर्टात साक्षीला आल्यासारखी बोलतात. पहाटे तालमीत जा, माती उकरण्याचा आवाज आधी ध्वनिमुद्रित करा आणि मग त्यांना बोलतं करा. मोबाइल चालतो. फक्त तो तोंडापासून एक वीत अंतरावर धरा आणि पंख्याखाली उभे राहू नका.

भाषेचा प्रश्न इथं टळत नाही. तुमचा कार्यक्रम मराठीत, खेळाडूंतले निम्मे घरी कन्नड बोलणारे, आणि संघात दोघं एकमेकांना तिसऱ्याच खिचडीत हाका मारतात. कन्नड बोलणाऱ्या खेळाडूला मराठीत ओढू नका. त्याला त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलू द्या आणि मग मराठीत सारांश सांगा. ऐकणाऱ्याला आवाजातला आनंद कळतो. संस्थांची, मैदानांची आणि स्पर्धांची नावं जशी नोंदलेली आहेत तशीच घ्या. बोलताना तुमच्या तोंडी कडोलीचीच मराठी येऊ द्या. पुण्याची मराठी आणायला गेलात तर ती पहिल्या दहा मिनिटांत सुटेल आणि उरलेली वीस मिनिटं विचित्र ऐकू येईल. दर वर्षी कडोलीत मराठी साहित्य संमेलन भरतं. त्या मांडवात बोलतात ती भाषा रेडिओला पुरेपूर चालते.

आता नियमांचं थोडक्यात. समुदाय रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएम केंद्रांना २०११ च्या धोरणानं स्थानिक स्वरूपाच्या खेळांचं थेट समालोचन करायला मुभा दिली. तुमच्या केंद्राचा परवाना नेमका काय म्हणतो ते व्यवस्थापकाकडून पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. देशाच्या क्रिकेट सामन्याचं चेंडूगणिक समालोचन तुमच्या हक्काचं नाही, त्या भानगडीत पडू नका. बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये राज्यांच्या कायद्यांनुसार वाट मोकळी केली, पण प्रत्येक शर्यतीला परवानगी लागते. ती आहे का हे विचारल्याशिवाय जाहिरात करू नका. पैसे लावायच्या ॲपवाले गोड बोलून येतील. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आणली आहे. कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण कुस्तीच्या इनामातून घर चालवणारी पोरं त्या ॲपमध्ये पैसे घालवताना मी पाहिली आहेत.

पैशांचंही बोलून टाकतो, कारण ते कुणी सांगत नाही. अशी कामं बहुतेक वेळा कार्यक्रमामागं मानधन अशी असतात. आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकालाही महिन्यातून मोजक्याच ड्यूट्या मिळतात. तेव्हा शेती किंवा नोकरी सोडून यात उडी घेऊ नका. मानधन किती, कधी, प्रवास खर्च मिळणार का, ध्वनिमुद्रण पुन्हा वापरलं तर काय, हे कागदावर घ्या. लाजू नका. तोंडी "बघू की" म्हणणारा माणूस पुढंही "बघू की"च म्हणतो.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी. तुम्ही कडोलीचे आहात आणि कडोलीचा पैलवान हरला. काय करायचं? हरला असं सांगायचं, जिंकणाऱ्याचं नाव आधी घ्यायचं आणि कोणत्या डावावर पडला ते सांगायचं. "पंचांनी अन्याय केला" ही ओळ तुमच्या तोंडी कधी येता कामा नये, तुम्हाला तसं वाटलं तरी. तुमचे ऐकणारे परवाच्या बाजारात, बसस्टँडवर, लग्नात तुम्हाला भेटणार आहेत. पुण्या-मुंबईच्या निवेदकाला ही भीती नसते. तुम्हाला असू द्या, तिच्यामुळं माणूस तोल सांभाळतो. चूक झाली तर पुढच्या कार्यक्रमाच्या पहिल्याच मिनिटात ती सांगा, शेवटी घाईत उरकू नका. कंग्राळीच्या त्या चुकीनंतर मी शनिवारी सुरुवातीलाच माफी मागितली आणि कुस्ती परत ज्या गावाची होती त्या गावाला दिली. आठवडाभर चिडवलं लोकांनी, पण त्यानंतर दोन्ही गावांतून निकालाच्या चिठ्ठ्या वेळेवर यायला लागल्या.

पोरगा निघाला तेव्हा डबा अर्धा रिकामा झाला होता. दारात चपला घालता घालता त्यानं विचारलं, "पहिलं वाक्य काय म्हणू?" मी सांगितलं: नमस्कार, तुझं नाव, आणि लगेच या आठवड्यातला पहिला निकाल. शेरोशायरी नको, स्वागतगीत नको. आणि निकाल कंग्राळीचा असेल, तर खुर्द की बुद्रुक, ते शुक्रवारीच विचारून ठेव.